मुलाणीभाईंचे आठ रकाने

बायकोची आमटी खारट झाली, एवढं साधं मुलाणीभाईंना सांगायची सोय नव्हती.

"कितीजणांनी चाखली?"

"चौघांनी."

"खारट कुणाला लागली?"

"मला."

"मग बाकीच्या तिघांचं काय केलं? त्येंचंबी सांगा की."

आम्ही दोघे भोरचे. सकाळच्या एकाच एस.टी.नं पुण्याला जायचो, एकाच इस्पितळात स्कॅन करायचो. मेंदूत एका जागी चौकोन आखायचा, तिथली रसायनं एमआरआयवर मोजायची आणि आलेख संशोधनासाठी पाठवायचा. अहवाल मात्र प्रत्येक केंद्र आपल्या लहरीनं लिहायचं. त्यावर भाईंनी आठ रकान्यांचा कागद काढला होता: यंत्र कुठलं, चुंबक किती ताकदीचं, चौकोन कुठं, केवढा, मापं किती घेतली, किती टाकून दिली, का टाकली, हिशेब कुठल्या प्रोग्रॅमवर. सगळ्यांनी हाच भरावा, म्हणजे दोन अहवाल शेजारी ठेवून ताडता येतील, हा त्यांचा ध्यास. डब्याच्या पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा कायम.

मी यथेच्छ टिंगल करायचो. कापूरहोळला गाडी थांबली की म्हणायचो, "भाई, रकाना चौथा. वडा केवढा?"

"केवढा ते ऱ्हाऊ द्या. किती खाल्ले ते लिवा."

एका सकाळी भाई भाभींना घेऊन गाडीत चढले. दोन वर्षांपूर्वी भाभींना झटके आले तेव्हा स्कॅन मीच केला होता, त्यात मेंदूत डाग दिसला होता. आता झटके परत सुरू झाले होते. तो डाग तसाच आहे की बदललाय, ते डॉक्टरांना हवं होतं. जुना अहवाल निघाला. चौकोनाची जागा: 'डावीकडे.' बस्स. अक्षर माझं. मूळ चित्रं यंत्रातून कधीच पुसली गेली होती.

"हे ताडता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

भाईंचा कागद निघाला तो त्याच स्कॅननंतरच्या आठवड्यात, हे मला तेव्हा उमगलं. दोन वर्षं ते माझ्या शेजारच्या सीटवर बसत होते. त्याबद्दल एका शब्दानं बोलले नव्हते.

त्या दिवशी नवा स्कॅन मीच केला आणि भाईंचा कागद भरला, जागा मिलिमीटरमध्ये. भाईंनी कागद दोनदा वाचला.

"तीन मापं टाकली. का, ते कुठंय?"

"भाभी हसल्या, डोकं हललं."

"मशिनीत हसायला काय झालं?"

"आतल्या आरशातून आमच्या खोलीची काच दिसते, भाई. तिच्यामागून तुम्ही सारखे हात हलवत होतात."

"घाबरते वो ती."

मग त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि 'का टाकली' या रकान्यात नीट अक्षरात लिहिलं: नवऱ्यामुळे.