पिकलेला दगड

आमच्या शेजारच्या आत्या दगड सोलायच्या. ओट्यावर मांडी घालून बसायच्या, नारळाएवढा गोल दगड पुढ्यात घ्यायच्या आणि अंगठ्याच्या नखानं त्याची एकेक साल काढायच्या. इंदापूर तालुक्यातल्या त्या गावी मी भूगोल शिकवायला गेले, त्या पहिल्याच संध्याकाळी हे पाहिलं आणि खोली बदलावी का, असा विचार मनात आला.

"बगता काय बाई? घ्या की एक," म्हणत त्यांनी कांदा द्यावा तसा एक दगड माझ्या हातात दिला. मी भीतभीत कड ओढली, तर तांबूस साल अलगद सुटून आली! खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी.

"पिकलाय," आत्या समाधानानं म्हणाल्या.

त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकार होते. एक 'पिकलाय' आणि दुसरा 'कच्चा हाय'. माणसंसुद्धा यातून सुटायची नाहीत. आमचे हेडमास्तर कच्चे. पोस्टमन पिकलेला. माझ्याबद्दल त्यांनी गल्लीत सांगितलं होतं, "बाई वरनं पिकल्यात. आतलं काय म्हाईत न्हाय."

मी बी.एड. झालेली. गप्प कशी बसणार? पुस्तक आणून दाखवलं. "आत्या, याला विदारण म्हणतात. कायिक विदारण, रासायनिक विदारण..."

"कायी बी म्हना. दिसा उन्हानं फुगायचं, राती गारठ्यानं आकसायचं. किती वर्सं सोसंल त्यो? मग चीर पडती. चिरंत पानी शिरतं, पान्यामागनं गवताची मुळी. मुळी लई चिवट बगा, नव्या सुनंवानी. गुमान आत येती आनि समदं घर ताब्यात घेती."

जो धडा शिकवायला मला आठवडा लागायचा, तो त्यांनी पान थुंकायच्या आत संपवला.

हे ज्ञान पायांनी मिळवलेलं होतं. आत्यांचं लहानपण बापाच्या मेंढरांमागं गेलं. पुढं कळप विकला, घर शेतीला लागलं. आत्या विधवा होऊन माहेरी परतल्या तोवर धाकट्या भावाचा, तात्यांचा, कालव्याखाली ऊस उभा होता. आत्यांच्या वाट्याला आला कालव्यावरचा माळ. काळा, उघडा, नुसता दगड.

तात्यांना तो माळ खडी क्रशरवाल्याला द्यायचा होता. आत्यांना तिथं डाळिंब लावायचं होतं. भावाबहिणीची रोज जुंपायची.

"आक्का, तितं कुसळ बी उगवत न्हाय. डाळिंब काय लावतीस?"

"तुला दिसत न्हाय. माळ पिकलाय."

"मग सुरुंगाबिगर एक तरी खड्डा पाडून दाव. पडला तर माझ्या हिरीचं पानी तुला. न्हाय पडला तर क्रशरवाल्याला हो म्हनायचं."

"ठरलं," आत्या म्हणाल्या, आणि हातातला दगड सोलू लागल्या.

फळबागेच्या मंजुरीसाठी इंदापूरहून कृषी खात्याचे साहेब जीपनं आले, त्या दिवशी अर्धं गाव माळावर जमलं. मीही सकाळची शाळा सुटल्यासुटल्या पोचले. साहेबांनी दोरा ताणून सरळ रेघ धरली, चुन्याच्या खुणा केल्या आणि पहिल्या खुणेवर गड्याला पहार मारायला सांगितलं. ठण्ण! ठिणगी उडाली. गडी हात झटकत बाजूला झाला. दुसऱ्या खुणेवरही तेच. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. क्रशरवाला आपल्या मोटारसायकलवर खुशाल बसला होता.

"मावशी, कातळ आहे," साहेब म्हणाले. "नाही व्हायचं."

"त्यो कच्चाच हाय. तुमी कच्चा धरला, त्याला माळ काय करनार?"

आत्यांनी चपला काढल्या. अनवाणी चालत सुटल्या. मधेच थांबायच्या, टाचेनं ठोकायच्या, मान तिरकी करून ऐकायच्या. "मेंढरं हितंच पयलं तोंड घालायची. गवत येतं म्हंजे खाली मऊ हाय." एके जागी 'बद्द' असा आवाज आला. आत्यांनी पदर खोचला, गड्याच्या हातची पहार घेतली आणि घातली.

पहार वीतभर आत गेली!

दुसऱ्या घावाला गुळाची ढेप फुटावी तसा मुरूम फुटला. पोरांनी आरडाओरडा केला. आत्या पुढं, गडी मागं. "हितं पाड. हितं न्हाय, कच्चा हाय. हितं पाड." दिवस मावळेपर्यंत माळभर खड्डे झाले. एकही रांगेत नव्हता.

"मावशी, रेघ वाकडी झाली," साहेब दोरा गुंडाळत म्हणाले.

"दगूड दोऱ्यानं पिकत न्हाय, सायेब."

साहेब मोठ्यानं हसले आणि तिथंच जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी सही केली. क्रशरवाल्यानं गाडीला किक मारली. तात्या जरा वेळ खड्ड्यात वाकून मुरूम चिमटीत चोळत राहिले. मग म्हणाले, "पाइप उद्याच टाकतो, आक्का."

या विजयाचा इतका गवगवा झाला, की कच्च्या हेडमास्तरांनी स्वतः आत्यांना सातवीच्या वर्गावर बोलावलं. आत्या पदरात दगड घेऊन आल्या. बाकाबाकावर एकेक दगड. चाळीस पोरं दगड सोलत होती आणि आत्या वर्गातून फिरत ऊन, गारठा, पाणी, मुळी सांगत होत्या. शेवटी सगळ्यांच्या हातात सुपारीएवढा काळाभोर गाभा उरला, तेव्हा पोरांनी इतक्या टाळ्या पिटल्या, की शेजारचा वर्ग बंद पडला.

घंटा झाली, पोरं पळाली. आत्या मात्र पहिल्या बाकावर बसून राहिल्या. माझ्या टेबलाकडं बघत.

"त्या वहीतनंच सकाळी हाका मारता का? माझ्या ओट्यावर ऐकू येत्यात."

"हो, हजेरी."

"माजं बी नाव घ्या की येकदा."

मी वही उघडली आणि थांबले. दोन वर्षं भिंतीला भिंत लावून राहत होते, पण यांचं नाव मला ठाऊक नव्हतं.

"सातबाऱ्यावर असंल, बाकी कुनालाच ठावं न्हाय," आत्या म्हणाल्या. "तात्याची आक्का, गावाची आत्या. नवरा 'आगं ए' म्हनायचा. बाप गेला तवापास्नं नावानं हाक कुनी मारली न्हाय." त्यांनी जरा आठवल्यासारखं केलं. "भागीरथी. फुडं बापाचं लावा, धोंडिबा."

मी सातवीच्या शेवटच्या नावाखाली पेनानं लिहिलं. मग सकाळच्याच आवाजात हाक दिली, "भागीरथी धोंडिबा!"

आत्या उठल्या, पदर सारखा केला, ताठ उभ्या राहिल्या.

"हजर, बाई!"

इतक्या खणखणीत आवाजात, की मैदानात गेलेली पोरं परत खिडकीशी धावत आली.