ठकुबाई पुन्हा पडल्या

हनुमंतनं आईच्या मनगटावर घड्याळ बांधलं तेव्हा ठकुबाईंच्या दुसऱ्या हातात भाताच्या रोपांची जुडी होती आणि तोंडात शिव्या होत्या.

"आरं, चिखलात घड्याळ घालून कुनाला दावू? बेडकांना?"

"आये, हे येळ बगायचं न्हाई. तू पडलीस की हे आपोआप समद्यांना मेसेज धाडतंय. मागल्या साली बांधावरनं घसरलीस, तासभर कुनाला पत्ता न्हवता."

"तवा तू कुठं हुतास?"

या प्रश्नाचं उत्तर हनुमंतला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तो खाली मान घालून पट्टा घट्ट करत राहिला.

तो होता घरात, पडवीतल्या टेबलावर, चार रिमोट उघडून बसलेला. पासली गावात इतरांना गुरांचा, भजनाचा नाहीतर गप्पांचा नाद, हनुमंतला यंत्रांचा. भोरच्या बाजारातून तो बंद पडलेली स्मार्टघड्याळं आणायचा आणि त्यांची पोटं फाडून नवी बुद्धी भरायचा. टाळी वाजवली की लागणारा दिवाही त्यानं बनवला होता. गणपतीत आरतीला टाळ्या सुरू झाल्या आणि दिवा इतक्या वेळा लागला-विझला की शेवटी देवाला अंधारातच ठेवून आरती उरकावी लागली. तरी गडी खचला नाही. माणूस गुणाचा होता, फक्त हाताशी कधी सापडत नव्हता.

आणि तेच यंदा अंगाशी आलं होतं. पासलीत भातलावणी पैऱ्यावर होते. आज आम्ही तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही आमच्या. हनुमंत तीन वर्षं कुणाच्याच खाचरात उतरला नव्हता. "एवढी तार जोडतो, आलोच," म्हणायचा, आणि तो येईपर्यंत भात पोटरीत आलेला असायचा. पहिली दोन वर्षं लोकांनी ठकुबाईंकडं बघून चालवून घेतलं. यंदा शेजारचे कुंडलिकतात्या स्पष्ट बोलले, "वहिनी, तुमच्याबद्दल काय न्हाई. पर पैरा फेडायला मानूस लागतं, मशीन न्हाई." बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

आता मोठं खाचर तसंच पडलं होतं. रोपं पिवळी पडू लागली होती. दोन दिवसांत लावणी झाली नाही तर वर्षाचा भात गेला, हे घरात तिघांनाही माहीत होतं. लावायला हात चारच, सासूचे आणि सुनेचे. हनुमंत मजूर शोधायला मोटरसायकलवर वेल्ह्याला निघाला होता. जाता जाता आईची काळजी म्हणून हे घड्याळ.

त्यानं ते मनापासून बनवलं होतं. हात झटकन गुडघ्याखाली गेला की माणूस पडलं, असं त्यानं घड्याळाला शिकवलं. त्यासाठी तो स्वतः गोधडीवर अकरा वेळा पडला. घड्याळ बांधावरच्या पाटीतल्या जुन्या मोबाईलला कळवणार, आणि मोबाईल त्यातल्या सगळ्या नंबरांना. नातेवाईक, गावाचा ग्रुप, भजनी मंडळ, पिठाची गिरणी. पहिला मेसेज, 'ठकुबाई पडल्या.' त्यानंतरचे, 'ठकुबाई पुन्हा पडल्या.'

ठकुबाई खाचरात उतरल्या आणि लावू लागल्या. प्रत्येक रोपाला हात झटकन खाली. प्रत्येक वेळी घड्याळ मनगटावर गुरगुरायचं.

"आत्या, काय करतंय वो ते?" सून शिवानीनं विचारलं.

"रोपं मोजतंय गं. बरुबर एकाला एक," ठकुबाई म्हणाल्या आणि कुणीतरी आपलं काम बघतंय या आनंदात त्यांनी हात आणखी भरभर चालवला.

खाचरात रेंज नव्हती, म्हणून मोबाईल सगळे मेसेज पोटात साठवत राहिला. दुपारी शिवानी तोच मोबाईल घेऊन वरच्या वळणावर गेली. तिथं रेंज येते. आंबवड्याला भावाला फोन करून, तू तरी ये, असं सांगावं असा तिचा विचार. पण वळणावर पोचताच मोबाईल असा काही टुणटुणायला लागला की बोटच लावू देईना. पाच मिनिटं वाट पाहिली, मग तो हँग होऊन पडला. शिवानीनं तो बंद केला. "ह्यांनी बनवलेली एक वस्तू धड चालंल तर शपथ!" असं म्हणून ती परत चिखलात उतरली.

वस्तू धड चालली होती. तीनशे बारा मेसेज गेले होते.

शेजारच्या वाडीत कुंडलिकतात्या भाकरी खात होते. त्यांनी ग्रुप वाचला. "पडल्या, ठीक हाय. पुन्हा पडल्या, पुन्हा पडल्या... आरं, ह्या म्हातारीला सारखं हुबं कोन करतंय?" एवढं बोलले खरं, पण घास तसाच टाकून उठले. लोकांनी फोन लावले तर फोन बंद. मग कुणालाच शंका उरली नाही.

वेल्ह्याच्या स्टँडवर हनुमंतला एकही मजूर मिळाला नव्हता. जो तो आपापल्या खाचरात. तेवढ्यात त्याचा खिसा थरथरला. एकेक मेसेज वाचताना त्याला आई पडताना दिसत होती, उठताना, पुन्हा पडताना. आपलं यंत्र चुकलं असेल असं त्याच्या एकदाही मनात आलं नाही. आपणच चुकलो, हे मात्र आलं. वाटभर तो ढसाढसा रडत गाडी चालवत होता.

तो पोचायच्या आधी बांधावर जत्रा लोटली. तात्या वाडीतली दहा माणसं आणि बांबूची डोली घेऊन आले. शिवानीचा भाऊ अमृत आंबवड्याहून टेम्पोत आठ जण घेऊन आला. पलीकडच्या वाडीवरनं ठकुबाईंची बहीण धोंडाबाई वळणापासूनच हंबरडा फोडत उतरली. भजनी मंडळ टाळांसकट आलं होतं. कुठल्या तयारीनं, ते कुणी विचारलं नाही.

गलका ऐकून ठकुबाईंनी मान वर केली. बहीण रडतेय हे पाहून त्यांच्या हातातली रोपं गळाली. त्या चिखल तुडवत धावल्या आणि बहिणीच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडू लागल्या.

"अगं, कोन गेलं गं धोंडे?"

"तू गं ठकू, तू!" धोंडाबाई रडत म्हणाली, आणि मग दोघी एकदमच थांबल्या.

एवढ्यात हनुमंत गाडी टाकून धावत आला, आई उभी दिसताच बांधावरून थेट खाचरात कोसळला आणि तसाच गुडघ्यावर तिच्या पायांना मिठी मारून बसला. सगळा उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही. तात्यांनी घड्याळ हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"लावनीला हात खाली जातो, येवढं तुला ठाव न्हाई?"

हनुमंत आईचे पाय सोडून उठला.

"तीन सालांत येकदा खाचरात उतरला असतास तर ठाव असतं."

"चुकलं, तात्या," हनुमंत म्हणाला. त्याला मनापासून लाज वाटत होती. "घरात बसून बनवलं म्या."

तात्यांनी खाचराकडं पाहिलं. दोन बायकांनी सकाळपासून जेमतेम एक कोपरा हिरवा केला होता. बाकी पाणी, आणि बांधाला पिवळ्या पडत चाललेल्या जुड्या. मग त्यांनी धोतर खोचलं.

"येवढं पळत आलोय. आता काय हात हालवत जायाचं? उतरा रं!"

आधी वाडीतली माणसं उतरली, मग टेम्पोतली. अमृतनं इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली. भजनी मंडळानं टाळ बांधावर ठेवले आणि तोंडानंच गौळण धरली. दिवस मावळायच्या आत मोठं खाचर या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं झालं. शिवानी बांधावर उभी राहून ते पाहत होती आणि डोळे पुसत होती. सगळ्यांना गुळाचा चहा देता देता ठकुबाई तात्यांना म्हणाल्या, "भाऊजी, हे फुकट न्हाई घ्यायाचं मला. पैरा हाय."

"व्हय तर. अजून सात घरांची लावनी बाकी हाय," तात्या म्हणाले. "सकाळी सात वाजता. मानूस धाडा."

माणूस पावणेसातला हजर झाला. घड्याळही मनगटावर होतं, कारण खोड अशी एका रात्रीत जात नाही. पण रात्री बसून त्यानं त्याला नीट समजावलं होतं, की हात खाली गेला म्हणजे माणूस पडत नाही, काम करतं. दुपारपर्यंत हनुमंतची कंबर मोडली, पण त्याच्या ओळी सरळ येऊ लागल्या होत्या आणि कुणीतरी तसं बोलूनही दाखवलं. त्याला बरं वाटलं. मान वर करून तो हसायला गेला, पाय सटकला आणि बघता बघता नखशिखांत चिखलात आडवा झाला.

सगळे कामं थांबवून पाहू लागले. घड्याळ एकदाच गुरगुरलं. तात्यांनी वाकून काचेवरचा चिखल अंगठ्यानं पुसला आणि मोठ्यानं वाचलं, "लावणी चालू आहे."

मग त्यांनी त्याला हात दिला. "घड्याळ आता बरुबर बोलतंय. ऊठ गड्या, लावनी चालू हाय."