महानंदाक्कांचा पहिला नंबर

उदगीरच्या मोंढ्यात महानंदाक्का बिराजदारांची आडत आहे. दुकानातल्या फळ्यावर सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे भाव असतात आणि त्यांच्याखाली, त्याच खडूनं, पाच कादंबऱ्यांची नावं. पसंतीच्या क्रमानं. पाचही कादंबऱ्या अंतराळातल्या लढायांच्या एका व्हिडिओ गेमच्या विश्वातल्या. तूर घेऊन आलेला एखादा शेतकरी विचारतो, हे 'गंजकं जहाज' कुठल्या कंपनीचं बियाणं? अक्का त्याला बसवून घेतात आणि चहा येईपर्यंत निम्मी गोष्ट सांगून टाकतात.

अक्कांनी तो गेम कधी खेळलेला नाही. पुतण्या कॅनडाला गेला तेव्हा खोकंभर इंग्रजी पुस्तकं घरी राहिली. वाळवी लागायच्या आत बघावं तरी, म्हणून त्यांनी एक उघडलं. बी.ए.चं इंग्रजी आणि शेजारी शब्दकोश. पहिल्या पुस्तकाला सात महिने लागले. आता तिथल्या ग्रहांची आपसातली भांडणं त्यांना भाऊबंदकीसारखी पाठ आहेत. इंग्रजी नावं पसंत पडली नाहीत, ती त्यांनी सरळ बदलली. सेनापतीला त्या 'पाटील' म्हणतात. एखादी लढाई हरली की त्यांचा निकाल ठरलेला: "पाटलाचं चुकलंच."

मी इथल्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. वर्धापनदिनाला आम्ही 'माझी आवडती कादंबरी' असा कार्यक्रम ठेवला. अक्कांनी पाच नावांचा कागद पाठवला. आमचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि मला सांगितलं, बाईंना आपल्या साहित्यातलं काहीतरी निवडायला सांगा. मी मोंढ्यात जाऊन निरोप दिला. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं, कागद मागितला, खाली त्याच खेळातल्या आणखी एका कादंबरीचं सहावं नाव लिहिलं आणि परत दिला.

"सांगा सरांना, विचार केला म्हणावं."

कार्यक्रमपत्रिकेत अक्कांचं नाव आलं नाही. अक्का मात्र आल्या, पहिल्या रांगेत बसल्या आणि तिसरा वक्ता खाली उतरताच उठून माइककडे गेल्या. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"खेळातली माणसं म्हणून तुम्ही माझं नाव काढलाव," अक्का म्हणाल्या. "बाकीच्या कादंबऱ्यातली माणसं कुठं खरी असत्यात, सर? मला जी आवडली तीच मी सांगणार. ऐकायचं नसंल तर बाहेर चहा हाय."

कुणी उठलं नाही. अक्कांनी 'गंजकं जहाज' सांगायला घेतलं. युद्ध संपलंय. दूरच्या ठाण्यावर एक मेकॅनिक बाई आणि शत्रूचा एक जखमी शिपाई एवढेच मागे राहिलेत. त्याला तिची भाषा येत नाही. ती बंद जहाज दुरुस्त करत त्याच्याशी बोलत राहते. तीनशे पानांत एक गोळी सुटत नाही. गेम खेळणाऱ्यांना हे पुस्तक सगळ्यात रटाळ वाटतं, असं पुतण्यानंच फोनवर सांगितलं होतं. अक्कांनी तेही लपवलं नाही. "त्यांचा शेवटचा नंबर, माझा पहिला," म्हणाल्या. शेवटी अध्यक्षांनीच विचारलं, जहाज सुरू होतं का?

"वाचा," असं म्हणून अक्का खाली बसल्या.

पुढच्या आठवड्यात अध्यक्ष माझ्या टेबलाशी आले आणि आवाज बारीक करून ते पुस्तक मागू लागले. वाचनालयात ते कुठून असणार? म्हणून रविवारी दुपारी, मोंढा बंद होता तेव्हा, मी अक्कांच्या घरी गेलो.

आतल्या खोलीत पलंगावर त्यांच्या थोरल्या जाऊबाई होत्या, म्हणजे त्या पुतण्याची आई. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली आणि वाचाही. अक्का उशाशी बसल्या होत्या. एक ओळ मनात इंग्रजीत वाचायची, मग मराठीत सांगायची. जाऊबाईंचं माहेर बीदरकडचं, म्हणून मधूनच कन्नडमध्ये. मी दारातच थांबलो.

अक्कांनी पानात बोट ठेवलं.

"लेकाची पुस्तकं हायत म्हणून वाचून दाखवते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "फळ्यावरची पाचही झाली. बाकीची वाचताना नुसती छताकडं बघायची. हे 'गंजकं जहाज' वाचताना मी पाणी प्यायला थांबले, तर 'मुंदे?' म्हणली. पुढं काय, म्हणून. दोन वरसांत तेवढा एकच शब्द."

मी पुस्तक मागितलं नाही. जाऊबाईंनी डावा हात सरकवून अक्कांच्या मनगटावर ठेवला आणि दाबला. अक्कांनी मला खुर्ची दाखवली आणि पुढची ओळ सांगू लागल्या.