सिवर्टची गादी

हमीदचाचांच्या दुकानात एक गादी आहे, तिच्यावर बसायची परवानगी कुणालाच नाही. दुकान गाद्यांचं, धंदा गाद्या भरून विकण्याचा, पण दाराशेजारच्या लाकडी तख्तावर पसरलेल्या त्या एका गादीकडं गिऱ्हाइकानं नुसतं बोट दाखवलं तरी चाचा म्हणतात, "ते सोडून बोला."

पोहरादेवीच्या यात्रेहून परत निघालेल्या एका बाईंना नेमकी तीच आवडली.

"हे गादी केवढ्याले हो, चाचा?"

"बुक हाये."

"कोनाच्या नावानं?"

"सिवर्टच्या."

"कोन सिवर्ट?"

"नार्वेचा. लेफ्ट बॅक."

बाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. नवरा म्हणाला, "चाल वो. बुढा सटकला."

आमचं गाव कारंजा तालुक्यात, धनजच्या अलीकडं. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक माणसं ओळखण्यात रमतात आणि मुद्दा विसरतात. चाचांचं वय साठीला टेकलेलं. भुवयांवर, मिशीत, कानाच्या पाळीवर कापसाची लव. बायको वारली, मूलबाळ नाही, भाचा कामठीला. "काय चाललं चाचा?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर, "वार्मअप." आणि नको तो प्रश्न आला की ते उठून पिंजायचं यंत्र चालू करतात. त्या खडखडाटात बोलणं शक्य नसतं. समोरचा माणूस दोनदा ओरडतो, तिसऱ्यांदा निघून जातो. इतकं सभ्य उत्तर मी दुसऱ्या कुणाकडं पाहिलेलं नाही.

सिवर्ट हा नॉर्वेचा व्यावसायिक फुटबॉलपटू. तुम्ही त्याचं नाव ऐकलं नसेल, तर तो दोष तुमचा नाही. नॉर्वेतही फार लोकांनी ऐकलं नसावं.

भाच्यानं जुना मोबाइल दिला, त्यावर एक दिवस आपोआप एक व्हिडिओ उघडला. बर्फ पडतंय, मैदानाच्या कडेनं एक उंच माणूस धावतोय, वाकतोय, उड्या मारतोय. मग तो परत येऊन बाकावर बसला. सामना संपला, बाकीचे खेळाडू गुडघ्यांवरची कांबळी तिथंच टाकून पळाले. हा मागं थांबला. एकेक कांबळं उचललं, झटकलं, घडी घालून ठेवलं.

"कंबलाची घडी!" चाचा मला सांगत होते. गावात पत्रकं मी काढतो, म्हणून ते मला पत्रकवाले म्हणतात. "पत्रकवाले, साठ रजया रोज घडी करतो मी. त्या मानसाची घडी पाह्यली अन् समजलो, हा बसनारा मानूस हाये. खेळनाऱ्याले घडी येत नाई."

तेव्हापासून नऊ वर्षं चाचांनी त्याची कारकीर्द सोडली नाही. सिवर्ट समुद्रकाठच्या मासेमारीच्या गावातला. एकविसाव्या वर्षी राजधानीतल्या मोठ्या क्लबनं त्याला घेतलं आणि बाकावर बसवलं. तीन वर्षं. मग डेन्मार्कच्या एका क्लबला काही महिन्यांसाठी वापरायला दिला. ही बातमी आली त्या दिवशी चाचा जेवले नाहीत. "उसना देला त्याले! मानूस हाये का कढई हाये?" डेन्मार्कवाल्यांनीही बसवलाच. मग गुडघ्याचं ऑपरेशन. चाचांनी जुम्म्याच्या नमाजनंतर त्या गुडघ्यासाठी दुआ मागितली, आणि शेजारी बसलेल्या किराणावाल्यालाही मागायला लावली. किराणावाल्याला वाटलं होतं चाचांचाच गुडघा आहे.

आणि ही सगळी कारकीर्द त्या गादीवर आहे. सिवर्टच्या संघाचा सामना झाला की चाचा मोठी सुई घेऊन गादीला एक टाका घालतात. तो बसून राहिला तर पांढरा, मैदानात उतरला तर लाल. शेवटच्या मिनिटाला उतरला तरी लाल. एका हंगामाची एक ओळ. सगळी गादी पांढरी, त्यात लाल टाके इतके थोडे की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुणाच्या तरी हातून कुंकू सांडलं. एका ठिकाणी लाल दोरा दुहेरी आहे. तिथं सिवर्टनं गोल मारला होता. त्याच्या आयुष्यातला एकमेव, आणि तोही आपल्याच जाळ्यात.

"चाचा, त्यानं संघ हरवला!"

"गोल तं गोल हाये ना, बाप्पा."

गादीच्या अगदी वरच्या कडेला मात्र एक ओळ वेगळी होती. सात टाके, सातही पांढरे, आणि त्यांच्याखाली वीतभर जागा मोकळी सोडलेली. मी एकदा विचारलं, "ही कोणत्या हंगामाची?"

"ते सिवर्टच्या पह्यलेची," चाचा म्हणाले आणि उठून यंत्र चालू केलं.

मला या सगळ्याचा राग यायचा. खरं सांगतो, लपवत नाही. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मी वाचायला शिकलो तो वडिलांनी छापलेल्या मागण्यांवरून. आणि इथं एक शहाणा, कष्टकरी माणूस सातासमुद्रापलीकडच्या, भरपेट पगाराच्या खेळाडूसाठी उपाशी राहत होता, आणि त्याच्याच दुकानामागचं मैदान भाऊंच्या घशात चाललं होतं.

भाऊ म्हणजे आमच्याकडचे पुढारी. त्यांचंही नाव लिहीत नाही. ते तुमच्याकडेही आहेत. मैदान सरकारी, पिढ्यान्‌पिढ्या खेळायचं. तिथं दुकानांचे गाळे काढायचं भाऊंनी ठरवलं. हरकती मागवल्या गेल्या. मी हरकत लिहिली, चार पानी. सुनावणीच्या आधी कचेरीतला कारकून मला म्हणाला, "भाषण कमी करा. साहेब एकच विचारतील, या मैदानानं एक तरी खेळाडू घडवला का?"

घडवला होता. चाचांच्या दुकानात फोटो होता. कामठीच्या स्पर्धेला गेलेला जिल्ह्याचा संघ. तेव्हा आपण अकोला जिल्ह्यात होतो. मागच्या रांगेत डावीकडून दुसरे, मिसरूड फुटलेले हमीदचाचा. साऱ्या गावाला ठाऊक होतं, हमीद जिल्ह्याकडून खेळला. वडिलांनी सांगितलं होतं, स्पर्धा सात सामन्यांची होती. मी लिहून टाकलं: 'याच मैदानावर घडलेले, जिल्ह्याकडून सात सामने खेळलेले लेफ्ट बॅक श्री. हमीद, गादीवाले, स्वतः साक्ष देतील.' पत्रकही छापलं. ठळक अक्षरांत.

चाचांना मी विचारलं नाही. फक्त कळवलं. त्यांनी पत्रक वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. "मैदानासाठी येतो," म्हणाले. तेवढंच. मला ते पुरेसं वाटलं.

सुनावणीला चाचा इस्त्रीचा सदरा घालून आले. मिशीतला कापूससुद्धा काढला होता. भाऊंची माणसं भिंतीला टेकून उभी. साहेबांनी माझ्या चार पानांतली साडेतीन उलटली आणि बोट ठेवलं.

"हमीद कोण? तुम्ही जिल्ह्याकडून खेळलात?"

"गेलतो, साहेब."

"किती सामने खेळलात?"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली: सांगा. कागदावर आहेच, सात म्हणा. चाचांचा उजवा हात बाजूला सरकला, काहीतरी चाचपल्यासारखा. तिथं चालू करायला यंत्र नव्हतं.

"एकबी नाई, साहेब. सातही मॅचा बसलो."

"म्हणजे?"

"बेंचवर. वार्मअप केला."

भिंतीपाशी कुणीतरी फुस्सकन हसलं. मग सगळेच हसले. साहेबही. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मग घडला कोण? गादी?"

बाहेर आल्यावर मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही. एवढंच लिहितो, की ज्या आवाजात भाऊंशी बोलायला हवं होतं, त्या आवाजात बोललो.

"एक आकडा म्हणायचा होता, चाचा! सात! तोंड झिजलं असतं?"

"तुमी मले पुसलं काहून नाई?"

"सगळं गाव म्हणतं!"

"गाव म्हनते. मी कधी म्हनलं का?" चाचा शांत होते, ते मला जास्त झोंबलं. "त्या जागेवर दुसरा पोट्टा खेळला, पत्रकवाले. मूर्तिजापूरचा होता. लई भारी खेळला. त्याच्या सात मॅचा मी कायले चोरू?"

"चोरून मैदान वाचलं असतं!"

"मंग तुमच्या पत्रकात खालती लिवता ना, सत्य का काय ते. ते कोनासाठी लिवता?"

मी म्हणालो, "तुमच्यापायी मैदान गेलं." आणि तिथून निघालो.

तिसऱ्या दिवशी मैदानावर कोनशिला येऊन पडली. काळा दगड, भाऊंचं नाव, सोनेरी अक्षरं. असा दगड तीन दिवसांत कोरून, घासून, रंगवून होत नाही, हे मला कळत होतं. साहेब आम्हाला हसण्याच्या आधीच दगडावर छिन्नी चालत होती. सात म्हटलं असतं तरी, सत्तर म्हटलं असतं तरी तोच दगड येणार होता. हे समजूनही मी चाचांच्याच दुकानासमोरून मान फिरवून जात राहिलो. महिनोन्‌महिने. भाऊंशी भांडायला छाती लागते. गादीवाल्याशी भांडायला नुसता घसा पुरतो.

मैदानाभोवती पत्रे ठोकायच्या दिवशी सकाळी गावातल्या खेळणाऱ्यांनी शेवटचा सामना लावला. खेळणारे म्हणजे एसटीचा कंडक्टर, दोन मास्तर, मोबाइल दुरुस्तीवाला, अशी पोट सुटलेली मंडळी. कडेला जेसीबी उभा, त्याचा ड्रायव्हर तंबाखू मळत बघत होता. मी रस्त्यावर होतो, निषेधाची पत्रकं घेऊन. घेणारं कुणी नव्हतं. चाचा नेहमीच्या जागी, रेषेबाहेर उकिडवे बसलेले.

कंडक्टरचा पाय मुरगळला. तो लंगडत बाहेर आला, आणि संघात एक माणूस कमी पडला.

"चाचा, उतरा ना!" मोबाइलवाला ओरडला.

"मी?"

"नाई तं कोन? सिवर्ट?"

सगळे हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी चपला काढल्या आणि रेषेबाहेर शेजारी शेजारी नीट ठेवल्या. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला. मग रेषेपाशी क्षणभर थांबले आणि आत गेले. डावीकडं, मागं. जाऊन उभे राहिले.

चेंडू त्यांच्याकडं एकदाच आला. चाचांनी डाव्या पायानं असा हाणला की तो थेट जेसीबीच्या टपावर जाऊन आदळला. ड्रायव्हरनं तंबाखू थुंकून चेंडू परत फेकला. थोड्या वेळानं ठेकेदाराचा माणूस आला, "झालं का तुमचं?" म्हणाला. झालं. दुपारपर्यंत चारी बाजूंनी पत्रे उभे राहिले.

मी टाळी वाजवली नाही. हातात पत्रकं होती, असं मी नंतर स्वतःला सांगितलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी दुकानाच्या फळीवर खडूनं लिहिलेलं दिसलं: 'आज दुकान लवकर बंद. सिवर्टची आखरी मॅच.' मी बराच वेळ समोर उभा होतो. मग चढलो.

"या," चाचा म्हणाले, जणू मी कालच येऊन गेलो होतो. "वार्मअप चालू हाये."

मोबाइल कापसाच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवला होता. इथं दिवेलागण, तिथं दुपार. बोलणाऱ्याची भाषा आम्हा दोघांनाही कळत नव्हती. सिवर्ट आपल्या मासेमारीच्या गावाच्या क्लबात परत आला होता. आता टक्कल पडू लागलेलं. तो तीनदा उठला, कडेनं धावला, वाकला, उड्या मारल्या. तीनदा चाचा बसल्या जागी पुढं सरकले. प्रशिक्षकानं एकेक करून दुसरी पोरं उतरवली. शिट्टी झाली. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, सिवर्टनं हात हलवला. खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडत आत निघाले. तो मागं थांबला होता. कांबळी घडी करत होता.

चाचांनी मोबाइल पालथा घातला. मग म्हणाले, "पाय तरी लावू द्याचा होता मैदानाले."

त्यांनी सुई माझ्यापुढं धरली. "दोरा ओवून द्या. डोये काम नाई करून राह्यले."

मी पांढरा दोरा ओवला. चाचांनी गादीवर वाकून शेवटच्या ओळीत शेवटचा टाका घातला, गाठ मारली, दातानं दोरा तोडला. मी त्यांच्या हाताखालची गादी सरळ करायला वरची कड ओढली, तेव्हा ती वेगळी ओळ उजेडात आली. वीतभर मोकळ्या जागेच्या वरची. सात पांढरे टाके, आणि त्यांच्या शेजारी आता आठवा.

लाल.

मी त्यावर बोट ठेवणार एवढ्यात चाचा म्हणाले, "ते सोडून बोला," आणि उठून, कापूस न घालताच, यंत्र चालू केलं.