किंकाळी, एक नग

पाल थेट माझ्या खांद्यावर पडली आणि मी ओरडले नाही, तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. एरवी मी कुकरच्या शिट्टीलाही ओरडते. तोंड उघडलं, मान ताणली, पण बाहेर आली ती नुसती हवा. मग आठवलं. माझी किंकाळी पोलिसांकडे जमा होती.

तीन आठवड्यांपूर्वी भर दुपारी, टपाल कचेरीमागच्या गल्लीत एका माणसाने माझं मनगट मोडून मोबाइल नेला. मी ओरडले. गल्लीतल्या खिडक्या एकामागून एक बंद झाल्या. तो पकडला गेला, तेव्हा पंचनाम्यात त्याच्या मोटारसायकलीच्या नोंदीखाली लिहिलं गेलं : 'किंकाळी, एक नग, बायकी, पाच सेकंद. बरणीत सीलबंद.' मी डाव्या हाताने सही केली होती.

मी ठाण्यात गेले. मुद्देमाल सांभाळणारे हवालदार लोखंडे चहा पीत होते.

"खटला निकाली निघेपर्यंत मिळत नाही, ताई."

"आरोपीची मोटारसायकल तर परत दिलीत."

"ती गंजते. किंकाळी गंजत नाही."

"पण मी खूप दचकते हो."

"मग जरा बेताने दचका," ते समजुतीने म्हणाले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून शिट्टी वाजली. मी दचकले; बेताने नाही, पण आवाज न करता. शिट्टी वाजवणाऱ्या बाई ती पदराला पुसत होत्या. कुमुद खरात. ज्यांच्यावर गुन्हा घडतो त्यांच्यासाठी भांडणाऱ्या, आणि शिक्षा कडक व्हावी म्हणून दर अधिवेशनाला निवेदन देणाऱ्या. त्यांचा फोटो मी पेपरात पाहिला होता. त्यांची स्वतःची किंकाळी एकोणीस वर्षं इथल्याच मुद्देमालाच्या खोलीत होती.

"रजिस्टर भिजलं, आता कुठली बरणी कुणाची ते कळत नाही म्हणतात. मी शिट्टीवर भागवते," त्या म्हणाल्या. "तुझ्या आरोपीला शिक्षा किती होईल?"

"पाच महिने." किंकाळीच्या दर सेकंदाला एक महिना, हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे.

"पाच सेकंद कसे मोजले?"

"माझं तोंड उघडल्यापासून मिटेपर्यंत."

"अगं, हाक काय तोंड मिटलं की संपते? कुणी ओ दिली की संपते. तुला कुणी दिली ओ?"

मी आठवून पाहिलं. "कुणीच नाही."

"मग ती अजून चालूच आहे. लोखंडे, लिहून घ्या."

लोखंडेंनी लिहून घेतलं नाही. म्हणून आम्ही कोर्टात अर्ज केला. तो दोनदा परत आला : 'अर्जदार ही आरोपी नसल्याने तिचे म्हणणे ऐकण्याची तरतूद नाही.' मग खरातबाई कोर्टाच्या फाटकाशी शिट्टी घेऊन बसल्या. शेजारी मी, हातात मागणी लिहिलेली पाटी. पहिल्या दिवशी मी पाटी तोंडासमोर धरली होती. अकराव्या दिवशी डोक्यावर धरली. बाराव्या दिवशी न्यायाधीशांनी बरणी हजर करायला सांगितलं.

लोखंडेंनी बरणीवरची लाख फोडली. कारकुनाने घड्याळ सुरू केलं. किंकाळी बाहेर आली आणि मी दोन्ही कानांवर हात ठेवले. इतकी मोठी माझी असेल, असं मला वाटलं नव्हतं. ती खिडकीतून बाहेर गेली. टपाल कचेरी कोर्टापासून हाकेच्या अंतरावर आहे.

"पाच सेकंद," आरोपीचे वकील म्हणाले. "घड्याळ थांबवावं."

"ओ आलेली नाही, साहेब," खरातबाई म्हणाल्या.

न्यायाधीशांनी कायद्याचं पुस्तक चाळलं. किंकाळी कुठे सुरू होते ते त्यात होतं. कुठे संपते ते नव्हतं. "चालू राहू द्या," ते म्हणाले.

महिन्यांची वर्षं व्हायला लागली. अखेर वकील उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "ओ."

शिट्टी वाजली. "आरोपीच्या माणसाची ओ धरायची नाही!"

"मान्य," न्यायाधीश म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काही म्हणायचंय?"

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी कठडा धरला.

"मी थांबते," मी म्हणाले. "कितीही वेळ लागला तरी."

जेवणाची सुट्टी झाली, पण कुणी उठलं नाही. आरोपीने बोटांवर मोजणं केव्हाच सोडून दिलं होतं. सुट्टीत दार लावायचं असतं, म्हणून लोखंडे दार लावायला निघाले.

"लावू नका," मी म्हणाले.

"नियम आहे, ताई."

मी जाऊन मोडून जोडलेला हात दाराच्या फटीत घातला. लोखंडेंनी हाताकडे पाहिलं, न्यायाधीशांकडे पाहिलं आणि कडी सोडली.

घड्याळ चालू होतं. खाली जिन्यावर चपला वाजल्या. घाईने चढणाऱ्या, मध्येच एक पायरी चुकलेल्या. मग धापा टाकत एका बाईचा आवाज आला.

"ओ! ओ गं! आले, आले!"