सुभेदारांचं बिनशिस्त क्रियापद

मेढ्याकडच्या आमच्या गावात बापू सुभेदारांना नमस्कार केला, की बदल्यात नमस्कार मिळत नाही, क्रियापद मिळतं. "गो! पुढं बोल!" समोरच्यानं "वेंट, गॉन" म्हटलं तरच सुटका. एकदा त्यांनी घोड्यावरच्या नवरदेवाचा लगाम धरून ठेवला. नवरदेव "गोएड" म्हणाला आणि मुहूर्त टळायची वेळ आली.

इंग्रजी ते फौजेत शिकले. "गड्या, समदी क्रियापदं रांगंत चालत्यात. ह्ये एकच बिनशिस्त. म्हणून लय लाडकं!"

मी मराठी शाळा वाचवायची पत्रकं वाटणारा. मला हे स्तोम कसं खपावं? भर ग्रामसभेत मी त्यांना साहेबाचा गुलाम म्हणालो. ते शांतपणे सरपंचांकडे वळले.

"सरपंच, रस्त्याचा निधी वेंट, का हॅज गॉन? वेंट आसंल तर कवा गेला त्ये सांगा. हॅज गॉन आसंल, तर गेलाय आन् आजून परतला न्हाई!"

सभा हसून लोळली. सरपंचांना जाब विचारणं माझ्या पत्रकांना कधी जमलं नव्हतं, ते एका क्रियापदानं केलं. पुढच्या पत्रकावर मी तेच वाक्य छापलं.

खरी तालीम मात्र बापूंच्या लेकीची, सुरेखाची. तिची आई लवकर गेली; बापूंनीच तिला वाढवलं. ती मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स. परदेशातल्या नोकरीसाठी तिला इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. बापू रोज फोनवर ओरडायचे, "पेशंट हॅज गॉन टू थेटर! म्हण!"

"आवं बापू, हळू! पेशंट आत्ता कुठं झोपलाय."

सुरेखा पास झाली. बापूंनी गावभर पेढे वाटले, तेही कुणाला क्रियापद न विचारता. मला तेव्हाच काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं.

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती. सुरेखा पाया पडली आणि बापाला खूश करायला ऐटीत म्हणाली, "आय ॲम गोइंग, बापू!"

"चूक."

"आवं, काय चुकलं? तुमीच तर शिकवलंय."

"आपल्यात उंबऱ्यावर 'जाते' म्हणत न्हाईत. आय ॲम कमिंग म्हण."

"बापू, तिकडं असं बोलले तर हसतील मला."

"हसू देत. हितं म्हण."

ती "आय ॲम कमिंग" म्हणाली आणि गाडीत बसली. गाडी वळणाआड गेली तरी बापू ताठ उभे होते, परेडला असल्यासारखे.

काल ते पारावर दिसले. मी सवयीनं आपणहूनच सुरू केलं, "गो, वेंट..."

त्यांनी हात वर केला. "त्ये ऱ्हाऊ दे रं. कम म्हण."