लीलाबाईंचा डावा हात

हिंगणीच्या लीलाबाई पियानो शिकायला लागल्या त्या रूपरावांमुळे, आणि ही गोष्ट गावाला कळली तीही रूपरावांमुळेच. मधल्या काळात त्यांनी ती इतकी गुप्त ठेवली होती, की शेजारच्या धुरपताबाईंनाही तिचा पत्ता नव्हता. या धुरपताबाईंना लीलाबाईंच्या फोडणीच्या वासावरून घरात पाहुणे कोण आलेत तेसुद्धा कळत असे.

सुरुवात झाली देवळातल्या भजनात. रूपराव भजनी मंडळाची पेटी वाजवायचे आणि लीलाबाईंकडे वर्षानुवर्षं टाळ होते. एका संध्याकाळी भजन संपल्यावर लीलाबाईंनी सहज हात लांब करून पेटीची एक पट्टी दाबली. पेटीतून हवा गेलेली होती, त्यामुळे आवाजही निघाला नाही. पण रूपरावांनी झटकन झाकण लावलं.

"वहिनी, तुमी टाळ वाजवा," ते म्हणाले. "पेटीले अक्कल लागते."

सगळे हसले. त्यात लीलाबाईंचे यजमान किसनरावही हसले. रूपरावांचं हसणं लीलाबाई एखादवेळी विसरल्याही असत्या. पण यजमानांचं हसणं त्यांच्या मनात रुतून बसलं. सकाळी उठल्या उठल्या त्यांनी नागपूरला लेकाच्या, मुकेशच्या बायकोला फोन लावला.

"वर्षाली, पेटीपेक्षा मोठं काय असते वो?"

"म्हणजे वाजवायचं? पियानो असतो, आई."

"मंग थोच शिकतो मी."

वर्षाली गुणी सून. तिनं 'या वयात कशाला' असं न म्हणता कुरिअरनं एक लांबलचक कीबोर्ड पाठवला आणि पुण्याच्या नमिता टीचरचा ऑनलाइन क्लास लावून दिला. किसनरावांनी मात्र तो खोका पाहिला आणि कपाळाला हात लावला. ते देवस्थान कमेटीत होते. त्यांचं म्हणणं एवढंच, की बायकोनं जे करायचं ते करावं, पण गावाला आवाज जाऊ नये. त्यावरही वर्षालीनं उपाय काढला. कीबोर्डला हेडफोन लावला की लीलाबाईंनी कितीही आपटलं तरी ते त्यांच्या एकटीच्याच कानात वाजे. बाहेरच्याला फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू येई, आणि ती तूर निवडल्यासारखी वाटे.

असा पोळ्यापासून क्लास सुरू झाला. दर बुधवारी पाचला लीलाबाई देवळाच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीचं दार लोटून घेत, फोन पितळी डब्याला टेकवून उभा करत आणि हेडफोनचा एक कान कीबोर्डसाठी झाकून दुसरा टीचरसाठी उघडा ठेवत. वाजवणं ऐकू येत नसलं तरी नमिता टीचर पडद्यावर बोटं पाहून चुका काढे. तिचा आवाज गोड होता, पण शिकवताना ती कोणाची भीड ठेवत नसे. लीलाबाईंचा उजवा हात झपाट्यानं तयार झाला. डावा हात मात्र उजव्याच्या मागे मागे चाले, आणि त्यातलं करंगळीशेजारचं बोट तर जागचं हलायलाच तयार नव्हतं.

नवरात्र उलटल्यावर एका बुधवारी पाचच्या सुमाराला रूपराव देवळात आले. दुसऱ्या दिवशीच्या महाप्रसादाची हाक भोंग्यावरून द्यायची होती. त्यांनी भोंग्याची मशीन सुरू केली, माइक हातात घेतला, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला म्हणून ते बोलत बोलत देवळाच्या मागे गेले. कमेटीनं नुकतीच घेतलेली ती नवी मशीन ब्लूटूथवाली होती. नवरात्रात बायकांनी लीलाबाईंच्या फोनवरची देवीची गाणी तिच्यावरून लावली होती. मशीननं भिंतीपलीकडचा तो फोन ओळखला आणि कोणाला न विचारता जोडून घेतला.

"लीलाताई, ऐकू येतंय ना माझं?" भोंगा गावावर गरजला.

आत लीलाबाईंना वाटलं, आज नेटवर्क काय फस्क्लास आहे! त्यांनी मान डोलावली. ती टीचरला दिसली, गावाला नाही. गावाला ऐकू येत होती फक्त टीचर.

"आता डावा हात उचला. उचला! अहो, मेल्यासारखा पडलाय तो."

पानठेल्यावरची बोलणी थांबली.

"उजव्यात जीव आहे, डाव्यात अजिबात नाही. हे असं कधीपासून होतंय? तोंड वाकडं करू नका, लीलाताई. तोंड सरळ ठेवा."

कोणाच्या तरी हातातला चहाचा ग्लास खाली पडला.

"बरं, तळहात सपाट ठेवा. आता करंगळीच्या शेजारचं बोट एकट्यानं वर उचला. दुसरं कोणतंही हलता कामा नये. नाही ना उठत? बघा, सगळी गडबड इथंच आहे."

भोंग्यावरून आलेली सूचना गाव सहसा मोडत नाही. पानठेल्याच्या फळीवर, ओट्यांवर, मोटारसायकलींच्या टाक्यांवर हात सपाट पडले आणि लोक आपापल्या त्या बोटाकडे डोळे फाडून पाहू लागले. बोट थरथरे, शेजारच्या बोटाला सोबत ओढे, आणि पुन्हा आडवं होई. ठेल्यावर उभ्या असलेल्या किसनरावांनी आपला डावा हात हळूच खिशात घातला.

धुरपताबाई सगळ्यांत आधी पोचल्या. दाराला धक्का बसताच लीलाबाईंनी कीबोर्डवर चादर ओढली. त्यामुळे धुरपताबाईंना दिसलं ते असं: लीलाबाई ताठ बसल्यात, चेहरा लालबुंद आहे, आणि कानातून निघालेली वायर चादरीखाली गेली आहे.

"अवो बाप्पा! मशीन लावली का वो तुले? लकवा मारला नं लीला?"

"कोनाले लकवा? मले काई झालं नाई. कलास सुरू हाये माहा."

"कायचा कलास?"

लीलाबाईंच्या ओठावर आलं होतं. पण किसनरावांना दिलेला शब्द आठवला आणि त्या म्हणाल्या, "काई नाई. असाच."

धुरपताबाईंनी मागे वळून जमलेल्यांना सांगितलं, "बोलनंबी बहकलं तिचं."

तोवर अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. पलीकडे फोनच्या पडद्यावर नुसता गोंधळ पाहून टीचर घाबरली. "लीलाताई! काय झालं? कोणीतरी बोला ना!" असं भोंगा केविलवाण्या आवाजात ओरडला, आणि बायकांमधून पहिला हुंदका आला. रूपराव धावत येऊन देवळात शिरले आणि त्यांनी मशीन बंद केली. तोवर ती काय करून बसली होती ते त्यांनाही उमगलं नाही. त्यांना वाटलं, दवाखान्याच्या कोण्या बाईनंच फोन भोंग्याला जोडून घेतला असेल. इकडे गर्दीत लीलाबाईंचा फोन डब्यावरून घसरला आणि टीचर बंद झाली.

किसनराव गर्दीतून वाट काढत आत आले. खरं काय ते त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं. लीलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"सांगा यायले," त्या हळूच म्हणाल्या.

"काय सांगू?"

"खरं."

किसनरावांनी दारात दाटलेल्या तोंडांकडे पाहिलं. त्यांत कमेटीतली तोंडं जास्त होती. "थे नाई जमत," ते पुटपुटले. "आपुन असं करू मुकेशच्या माय, सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊन येऊ. डाक्टरच सांगते काई नाई म्हून. मंग मले सांगा लागत नाई."

"मी नाई येत. धडधाकट हाये मी."

"वहिनी, हट करू नोका," मागून रूपराव गरजले. "लकव्यात टाइम गेला का खेळ खतम. माही गाडी आनली हाये. चाला, उचला रे वहिनीले!"

"हात लावून तं पाहा कोनी!" लीलाबाई उठून उभ्या राहिल्या. माणसं मागे सरकली. "पायानं येतो मी. न समोर बसतो."

त्या खरंच तरातरा चालत गेल्या आणि रूपरावांच्या शेजारच्या सीटवर बसल्या. हेसुद्धा मेंदूवरच्या परिणामात धरलं गेलं. मागे किसनराव, धुरपताबाई आणि मावतील तितके लोक कोंबले गेले, उरलेले मोटारसायकलींवर निघाले. गाडीत शालीखाली आणि पदराखाली काहीतरी सारखं हलत होतं. रूपरावसुद्धा गाडी चालवता चालवता स्टिअरिंगवर डाव्या हाताचं बोट उचलून पाहत होते. दोनदा गाडी रस्त्याच्या खाली उतरता उतरता राहिली. लीलाबाई समोर बघत बसल्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं. खरं सांगायला एक वाक्य लागलं असतं, आणि तेवढं वाक्य आपल्या माणसाच्या तोंडून निघालं नाही, हे त्यांना लकव्यापेक्षा जास्त लागलं होतं.

दवाखान्यात डॉक्टर आकांक्षा नावाची तरुण मुलगी ड्यूटीवर होती. तिनं लीलाबाईंना हसून दाखवायला लावलं. तेवढं सोडून सगळं त्यांना जमलं. दोन्ही हात वर झाले, नाव-गाव सरळ सांगून झालं. "आता माझी बोटं जोरात दाबा," डॉक्टर म्हणाली. लीलाबाईंनी डाव्या हातानं ती दाबली आणि डॉक्टरच "आई गं!" म्हणून किंचाळली.

"काही झालेलं नाही यांना," ती बोटं झटकत म्हणाली. "तुम्हाला लकवा कोणी सांगितला?"

"मॅडम, थे बोट पाहा नं," रूपराव पुढे झाले. "करंगळीजवळचं. फोनवरची मॅडम म्हने, सारी गडबड तिथंच हाये."

लीलाबाईंनी डावा तळहात टेबलावर सपाट ठेवला. क्लासमध्ये ते बोट आजवर एकदाही धड उठलेलं नव्हतं, हे फक्त त्यांना ठाऊक होतं. पण आज अंगात नुसता संताप भरला होता. त्यांनी दात आवळले. बाकीची चार बोटं टेबलाला चिकटून राहिली आणि ते एकटं बोट वर आलं. पुरतं वर आलं, आणि तिथंच थांबलं.

डॉक्टर बघतच राहिली. तिनं स्वतःचा हात टेबलावर ठेवून पाहिला. "माझं नाही उठत एवढं," ती म्हणाली.

मग मागून किसनरावांचा बारीक आवाज आला, "माहंबी नाई उठत, मॅडम."

"माहंबी," धुरपताबाई रडवेल्या झाल्या. त्यानंतर दारातून, व्हरांड्यातून, जिन्यावरून "माहंबी, माहंबी" सुरू झालं. रूपराव तेवढे हात पाठीमागे धरून उभे होते. डॉक्टरनं बोलावलं तेव्हा त्यांनी तो टेबलावर ठेवला. आयुष्यभर भाता हलवलेला तो डावा हात. बोट गोंदानं चिकटवल्यासारखं पडून राहिलं. रूपरावांना घाम फुटला.

"घाबरू नका हो," डॉक्टर हसत म्हणाली. "ते बोट कोणाचंच नीट उठत नाही. शरीराची रचनाच तशी आहे. यांचं कसं उठलं, हे मला कळत नाही. काय करता तुम्ही, मावशी?"

लीलाबाईंनी यजमानांकडे पाहिलं. थोडा वेळ त्यांच्यासाठी थांबल्या. किसनराव खोकले आणि भिंतीवरचा तक्ता वाचू लागले.

"मी पियानो शिकून राह्यली," लीलाबाई म्हणाल्या. व्हरांड्यातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या. "पोळ्यापासून. फोनवरची थे माही टीचर होती. माह्या डाव्या हाताले शिकवून राह्यली होती, न तुमी सारे मले उचलून इथं घेऊन आले. बुधवारचा कलास बुडाला माहा!"

परतीच्या वाटेवर रूपरावांनी मनात अढी धरली. पुढच्या बुधवारी देवळात कमेटी बसली. गावाची धावपळ झाली, महाप्रसादाची हाक राहिली, सेवाग्रामपर्यंत गाड्या पळाल्या, तेव्हा वहिनींनी हा प्रकार बंद करावा, असं ठरलं. निरोप पोचवायचं काम अर्थातच किसनरावांकडे आलं.

ते घरी आले तेव्हा पाच वाजून गेले होते. खोलीचं दार सताड उघडं होतं, खिडकीही. हेडफोन खुंटीला लटकत होता. कीबोर्डचा आवाज खुशाल रस्त्यावर जात होता, आणि ओट्यावर धुरपताबाई दोघीचौघींना घेऊन, तळहात मांडीवर सपाट ठेवून बसल्या होत्या. आत लीलाबाईंचा उजवा हात छान चालला होता, डावा अडखळत होता. टीचर डब्याला टेकून ऐकत होती.

किसनराव उंबऱ्यात उभे राहिले. "कमेटी म्हनते, बंद करा," ते म्हणाले.

लीलाबाईंचे हात थांबले नाहीत. "तुमी काय म्हनता?"

किसनरावांनी मागे पाहिलं. देवळाच्या पायऱ्यांवर रूपराव आणि मंडळी उत्तराची वाट पाहत उभी होती. किसनरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. दोनदा तोंड उघडलं.

"मी म्हनतो..." त्यांनी बाहेर ऐकू जाईल असा आवाज लावला. "मी म्हनतो, डावा हात जरासा मांगं राहून राह्यला."

पडद्यावरची टीचर म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं."

लीलाबाई आता थांबल्या. सावकाश वळल्या आणि यजमानांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोनाचं बोट नाई उठलं तिथं?"

"माहं."

"मंग बसा खाली. न चूप आयका."

किसनराव खाली बसले. लीलाबाईंनी पदर खोचला, पट्ट्यांवर दोन्ही हात ठेवले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.